दातांची निगा: देहधर्म की देहमोह?

दात घासावेत का, हा प्रश्न आज कोणाला पडत नाही. धर्मग्रंथांना मात्र तो पडला होता, आणि त्यांनी दिलेली उत्तरे एकसारखी नाहीत. बौद्ध भिक्खूला दातकाडी चघळण्याची अनुमती आहे. गृहस्थाला ती रोजच्या आचाराचा भाग म्हणून सांगितली आहे. गुरुगृही राहणाऱ्या ब्रह्मचाऱ्याला गौतम धर्मसूत्र दंतधावन वर्ज्य ठरवते, आणि जैन मुनीने तर दीक्षेनंतर आयुष्यभर दात घासायचे नसतात. एवढ्याशा कृतीबद्दल इतके मतभेद होण्याचे कारण दातांच्या आरोग्यात सापडत नाही. देहाची निगा राखणे हे कर्तव्य आहे की ती देहाची आसक्ती आहे, या जुन्या वादात दात ओढले गेले आहेत. मुलांच्या वाकड्या दातांना तारा लावण्याची पद्धत रूढ झाल्यापासून या वादाला एक नवे टोक फुटले आहे. स्वच्छ ठेवणे वेगळे आणि आहे ती रचना बदलणे वेगळे. त्यातही ती बदलायची आपल्या नव्हे, लेकराच्या तोंडातली.

धर्मशास्त्रात दंतधावन हे आन्हिकाचे म्हणजे दिनचर्येचे प्रकरण आहे. मनुस्मृती ते स्नान, अंजन, देवपूजा यांच्याबरोबर दिवसाच्या पूर्वार्धात करायला सांगते. नंतरच्या निबंधकारांनी काडी किती लांब असावी, कोणत्या झाडाची असावी, कोणत्या दिशेला तोंड करून बसावे, याचा बारीक विचार केला. काडी तोडताना झाडाला उद्देशून म्हणायची प्रार्थनाही आहे, आणि तिच्यात आयुष्य, बल, कीर्ती, संतती असे बरेच काही मागून घेतले जाते. काडीच्या मानाने मागणी जरा जास्तच आहे. प्रतिपदा, षष्ठी, नवमी, पर्वतिथी, श्राद्धाचा आणि उपवासाचा दिवस अशा वेळी मात्र काडी निषिद्ध असते आणि तिच्या जागी बारा चुळा भरून मुखशुद्धी करायची असते. अमावास्येला चंद्र वनस्पतींत वास करतो, म्हणून त्या दिवशी झाड तोडू नये, ही समजूत त्या निषेधामागच्या कारणांपैकी एक आहे. दात स्वच्छ करणे येथे आरोग्याच्या हिशेबात बसत नाही, शुचितेच्या हिशेबात बसते. म्हणूनच दातांत अडकलेल्या अन्नकणाने माणूस उष्टा होतो का, असाही प्रश्न शास्त्रकार विचारतात आणि होत नाही असे उत्तर देतात. तो कण सुटून येईपर्यंत दातासारखाच मानायचा. ज्याला टाळता येत नाही त्याचा दोष लावायचा नाही, असा हा व्यवहारी निवाडा आहे.

आयुर्वेदाची दृष्टी वेगळी. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दिवसातून दोनदा दात घासायला सांगितले आहे, आणि त्यासाठी तुरट, तिखट किंवा कडू रसाच्या काड्या सुचवल्या आहेत. करंज, रुई, कण्हेर, अर्जुन, असाणा ही नावे तिथे येतात. सुश्रुत काडीची लांबी बारा अंगुळे आणि जाडी करंगळीएवढी सांगतो, आणि प्रत्येक रसातली उत्तम वनस्पतीही निवडून देतो: कडूत निंब, तुरटात खैर, मधुरात मोह, तिखटात करंज. तोंड आले असेल किंवा घसा, टाळू, ओठ यांचा विकार असेल तर काडी वापरू नये, असेही त्याचे म्हणणे आहे. इथे तिथीचा संबंध येत नाही. रोग्याचे तोंड पाहूनच काय करायचे ते ठरते. एकाच काडीबद्दल दोन शास्त्रे दोन प्रकारे बोलतात, आणि महाराष्ट्रातल्या घरांत दोन्ही शतकानुशतके एकत्र नांदली. सकाळी निंबाची काडी चघळणारा माणूस आपण कोणत्या शास्त्राचे ऐकतो आहोत हे स्वतःला विचारत बसत नसे.

बौद्ध विनयपिटकात ही काडी एका अडचणीतून आली. काडी न चघळणाऱ्या भिक्खूंच्या तोंडाला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा बुद्धांनी तिची परवानगी दिली आणि ती न चघळण्याचे पाच तोटे सांगितले. डोळ्यांना ते हितकर नाही, तोंडाला वास येतो, रसवाहिन्या शुद्ध होत नाहीत, पित्त आणि कफ अन्नाला वेढतात, आणि जेवण रुचत नाही. यात मोक्षाची भाषा नाही, सरळ देहाची आहे. त्यानंतर काही भिक्खू लांब काड्या वापरून श्रामणेरांना म्हणजे नवशिक्या भिक्खूंना मारू लागले, म्हणून आठ अंगुळांची कमाल मर्यादा आली. एकाच्या घशात आखूड काडी अडकली, म्हणून चार अंगुळांची किमान मर्यादा आली. भिक्खूने न दिलेली कोणतीही वस्तू तोंडात घालू नये, असाही एक नियम आहे, आणि त्याला अपवाद दोनच: पाणी आणि दातकाडी. सातव्या शतकात नालंदेत राहिलेला चिनी प्रवासी इत्सिंग याने या सवयीचे सविस्तर वर्णन केले आणि भारतात दातदुखी फार कमी आढळते, त्याचे श्रेय काडीला दिले.

त्याच परंपरेतला जपानी झेन आचार्य दोगेन 1239 साली 'सेनमेन' म्हणजे तोंड धुणे या विषयावरच्या प्रवचनात आणखी पुढे गेला. चीनमधल्या मठांत दातकाडी विस्मरणात गेलेली आणि भिक्षूंच्या तोंडाला दोन-तीन फुटांवरून वास येत असलेला त्याने पाहिला होता. त्याच्या मते तोंड धुणे ही साधनेआधीची तयारी नाही, ती साधनाच आहे. विनयातल्या व्यवहारी परवानगीचे त्याने अध्यात्मात रूपांतर केले. ही दोन टोके एकाच धर्मात आहेत, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

जैन परंपरेचा मार्ग याच्या अगदी उलट जातो. दिगंबर मुनीच्या अठ्ठावीस मूलगुणांत पाच महाव्रते, पाच समिती, पाच इंद्रियांचा निरोध आणि सहा आवश्यके यांच्यानंतर सात गुण येतात: केशलोच, नग्नता, अस्नान, भूमिशयन, अदंतधावन, उभ्याने आहार आणि दिवसातून एकदाच भोजन. अदंतधावन म्हणजे बोटाने, नखाने, काडीने, सालीने, कशानेही दात न घासणे. हे वट्टकेरांच्या 'मूलाचार' या ग्रंथात सांगितले आहे. श्वेतांबर परंपरेतले दशवैकालिक सूत्रही साधूला न शोभणाऱ्या गोष्टींच्या यादीत दात घासणे घालते. दक्षिण महाराष्ट्र आणि बेळगाव भागात ही चर्या पुस्तकातली नाही. 1955 साली कुंथलगिरी येथे सल्लेखना म्हणजे आमरण उपवासाचे व्रत घेऊन देह ठेवणारे आचार्य शांतिसागर याच परिसरातले होते, आणि दिगंबर मुनींचे विहार या भागात आजही लोकांच्या ओळखीचे आहेत.

या व्रताला अस्वच्छतेची हौस समजणे चूक ठरेल. दात घासण्यात दोन गोष्टी येतात: सजीव वनस्पतीला इजा, आणि आपण चांगले दिसावे, आपल्या तोंडाला वास येऊ नये ही इच्छा. मुनीला दोन्ही सोडायच्या असतात. त्याच्या शेजारचे, एकदाच जेवण्याचे व्रत मात्र दातांच्या बाजूने उभे राहते. दात किडतात ते तोंडातले जिवाणू साखरेचे आम्ल करतात म्हणून, आणि तोंडाचा सामू (pH) सुमारे 5.5 च्या खाली गेला की दाताचे कवच विरघळू लागते. एकूण साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली याला इथे महत्त्व असते. दिवसातून एकदाच जेवणाऱ्याचे कवच दिवसाचा बहुतेक वेळ सुरक्षित राहते. त्यावरून मुनींचे दात निरोगी असतातच असा निष्कर्ष काढता येत नाही, कारण हिरड्यांचे दुखणे दातांवर साचणाऱ्या थरातून येते आणि तो थर घासल्याशिवाय जात नाही. आणि निघाला तरी व्रताच्या समर्थनाला त्याची गरज नाही. जैन श्रावकावर हे बंधन नाही. तो दात घासतो, आणि मुनीला आहार देण्यापूर्वी स्वतःची शुद्धी करतो.

म्हणजे निगा चांगली की वाईट, असा सरसकट निवाडा कोणत्याही परंपरेने केलेला नाही. देह कोणासाठी वापरायचा आहे, यावर तो अवलंबून ठेवला आहे. गृहस्थाचा देह यज्ञ, दान, संतती आणि श्राद्ध यांचे साधन आहे, तर मुनीचा देह सोडून द्यायची वस्तू आहे. बौद्ध भिक्खू मधल्या जागी उभा आहे. दीक्षेच्या वेळीच त्याला केस, लोम, नखे, दात, त्वचा या पाच गोष्टींवर मनन करायला शिकवतात, म्हणजे जे सर्वांत आधी नजरेत भरते तेच निःसार म्हणून पाहायला. 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात महातिस्स थेरांची गोष्ट येते. वाटेत एक स्त्री हसली, तिचे दात दिसले, आणि थेरांना ते हाडेच वाटले. मागून आलेल्या तिच्या नवऱ्याने विचारले तेव्हा स्त्री गेली की पुरुष हे ठाऊक नाही, एक सापळा या वाटेने गेला एवढेच त्यांनी सांगितले. आणि हेच थेर सकाळी दातकाडी चघळत असणार, कारण विनयात तिची सोय होती. दातांकडे हाड म्हणून पाहणे आणि ते रोज घासणे यांत त्यांना विरोध वाटला नसावा.

इथवरचा प्रश्न स्वच्छतेचा झाला. दातांच्या ठेवणीचा प्रश्न कर्माच्या वाटेने येतो. दीघनिकायातल्या लक्खणसुत्तात महापुरुषाची बत्तीस लक्षणे आणि प्रत्येकाचे पूर्वजन्मीचे कारण दिले आहे. चाळीस दात आणि त्यांत फट नसणे हे चहाडी न केल्याचे फळ. दोन माणसांत फूट पाडली नाही, म्हणून दातांतही फट नाही. दातांची एकसारखी ओळ आणि पांढरेशुभ्र सुळे हे खोटी मापे, लाच, फसवणूक टाळून प्रामाणिक उपजीविका केल्याचे फळ. ही कल्पना रम्य आहे, पण तिची दुसरी बाजू कडू आहे. मनुस्मृतीच्या प्रायश्चित्त प्रकरणात मद्य पिणाऱ्याला पुढल्या जन्मी काळे दात मिळतात, आणि काळ्या दातांच्या माणसाला श्राद्धाच्या पंगतीत बसवू नये, असेही त्याच ग्रंथात आहे. विवाहयोग्य कन्येच्या वर्णनात तिचे दात बारीक असावेत असे सांगितले आहे. दातांवरून शील वाचायची सवय एकदा लागली की ज्याचे दात वाकडे त्याला दोनदा शिक्षा होते, एकदा तोंडात आणि एकदा लोकांच्या नजरेत. वधूपरीक्षेत मुलीला हसायला लावून दात पाहण्याच्या चालीची मुळे इथे शोधता येतील.

मग वाकडे दात कर्माचे फळ असतील तर ते सरळ करणे म्हणजे भोगात ढवळाढवळ का? कर्मवादाने असे कधी म्हटलेले नाही, आणि याचे उत्तम उत्तर वैद्यांनी दिले आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात आयुष्य ठरलेले असते का, यावर चर्चा आहे. दैव आणि पुरुषकार यांच्या बलाबलावर आयुष्य अवलंबून असते, असा तिचा निष्कर्ष. सगळे ठरलेलेच असते तर औषध, पथ्य, मंत्र यांच्याकडे कोणी वळले नसते, आणि वाघ-सापांपासून कोणी पळाले नसते. उपचार हा पुरुषकाराचा भाग आहे. दातांची तार त्यात सहज बसते.

बाली बेटावरच्या हिंदूंनी दातांचा प्रश्न मोहाच्या बाजूने सोडवला, आणि तोही हत्याराने. वयात आलेल्या मुलामुलींच्या वरच्या ओळीतले चार पटाशीचे आणि दोन सुळे असे सहा दात कानशीने घासून सपाट करण्याचा विधी तिथे आहे. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर या षड्रिपूंना आवर घालण्याचे ते प्रतीक. अणकुचीदार सुळे राक्षसाचे आणि पशूचे, माणसाची ओळ समतल असावी, असाही भाव त्यात आहे. लग्नापूर्वी हा संस्कार व्हावा अशी अपेक्षा असते, आणि तो करून देणे हे आईवडिलांचे देणे मानतात. दंतवैद्यकाच्या दृष्टीने घासलेले कवच पुन्हा येत नाही, ही किंमत त्यात आहे. महाराष्ट्रात एके काळी सवाष्णी दातांना काळे दातवण लावत, आणि काळे दात सौभाग्याचे मानले जात. दात पांढरेच चांगले, हे मत सार्वकालिक नाही.

या बाबतीत सर्वांत नेमका कायदा इस्लामी परंपरेत आढळतो. मिस्वाक या काडीला तिथे मोठा मान आहे. समुदायाला जड गेले नसते तर प्रत्येक नमाजेच्या वेळी ती वापरण्याची आज्ञा केली असती, असे पैगंबरांचे म्हणणे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस-संग्रहांत नोंदले आहे. पण त्याच संग्रहांत सौंदर्यासाठी दातांमध्ये फट पाडून घेणाऱ्या स्त्रियांचा निषेधही आहे, आणि कारण असे की त्या अल्लाहच्या निर्मितीत बदल करतात. तरुण दिसावे म्हणून त्या काळी दात किसून घेत. तेराव्या शतकातल्या इमाम नववी यांनी यावर भाष्य करताना 'सौंदर्यासाठी' या अटीवर बोट ठेवले: उपचारासाठी किंवा व्यंग दूर करण्यासाठी केले तर दोष नाही. याला पूरक असा एक जुना दाखला आहे. पैगंबरांच्या अर्फजा नावाच्या सोबत्याचे नाक लढाईत कापले गेले, त्याने चांदीचे नाक बसवले, त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा सोन्याचे बसवण्याची मुभा मिळाली. पुरुषाला सोने एरवी वर्ज्य असूनही या दाखल्यावरून फकिहांनी म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रज्ञांनी सोन्याचा दात मान्य केला. ज्यू धर्मशास्त्रातही शब्बाथच्या दिवशी सोन्याचा दात घालून बाहेर पडावे की नाही, यावर मिश्नामध्ये मतभेद नोंदले आहेत. तालमुदमध्ये तर रब्बी इश्माएल यांनी एका मुलीचे लग्न अडले म्हणून स्वखर्चाने तिला सोन्याचा दात करून दिल्याची कथा आहे. तिचे रूप गरिबीने झाकले होते, असे त्यांचे म्हणणे. शोभेला त्यांनी दोष दिला नाही. शोभेअभावी होणारा अन्याय दूर केला.

उपचार आणि शोभा यांच्यातली ही रेघ कागदावर स्पष्ट दिसते, पण दातांवर ती ओढायला गेले की हलते, कारण व्यंग कशाला म्हणायचे हे आधी ठरवावे लागते. आधुनिक दंतव्यंगोपचारशास्त्राने ते ठरवले आणि त्यात श्रद्धेचा भाग मोठा होता. पॅरिसमधल्या पिएर फोशार याने 1728 च्या ग्रंथात दात सरळ करणारी पट्टी वर्णिली होती, पण शास्त्राला रूप दिले अमेरिकेतल्या एडवर्ड अँगल याने. 1899 साली त्याने वरच्या-खालच्या दाढा एकमेकींवर कशा बसतात यावरून वर्गीकरण केले, आणि ते आजही शिकवले जाते. निसर्गाने प्रत्येक माणसाला बत्तीस दात दिले आहेत तर ते सगळे जबड्यात नीट बसण्याचीच योजना असणार, असा अँगलचा ठाम विश्वास. हाड ताणानुसार घडते, हा जर्मन शल्यवैद्य युलियस वुल्फ याचा सिद्धांत त्याला आधार वाटला. दात योग्य जागी आणले की जबडा आपोआप वाढून त्यांना जागा देईल. म्हणून तारेसाठी दात काढणे त्याला निर्मितीचा अपमान वाटे. चेहऱ्याचा आदर्श म्हणून त्याने ग्रीक-रोमन शिल्पातला अपोलो पुढे केला.

याला विरोध झाला तो मुख्यतः वैद्यकातूनच. कॅल्व्हिन केस याने 1911 साली दात काढण्याच्या बाजूने वाद घातला. जबडा आनुवंशिक असतो, तो तारेने हवा तसा वाढत नाही, हा त्याचा मुद्दा. सेंट लुईसमधला चित्रकार एडमंड वुर्पेल याने अँगलला सांगितले की सगळ्या चेहऱ्यांना एकच आदर्श लावता येणार नाही. पण निर्णायक घाव घातला तो अँगलचाच शिष्य चार्ल्स ट्वीड याने. गुरूच्या पद्धतीने सरळ केलेले दात पुन्हा सरकलेले पाहून त्याने त्याच रुग्णांचे दात काढून पुन्हा उपचार केले, आणि दात काढणे विसाव्या शतकाच्या मध्यावर रूढ झाले. ऑस्ट्रेलियातल्या रेमंड बेग याने आदिवासींच्या दातांचा अभ्यास करून आणखी वेगळे सांगितले: भरड अन्नाने त्यांचे दात झिजत आणि त्यामुळे जागा मिळे, तेव्हा निसर्गाची योजना दात झिजण्याची होती. एकाच जबड्यात प्रत्येकाला निर्मात्याचा वेगळा हेतू दिसला. विज्ञानाने हा वाद निकाली काढला असे म्हणता येत नाही. त्याने फक्त आदर्शाची व्याख्या सैल केली.

तार काय करते, हे मात्र वादातीत आहे. हलक्या, सतत दाबाने दाताभोवतीच्या तंतूंवर ताण येतो, ज्या बाजूला दाब पडतो तिथले हाड विरघळते आणि दुसऱ्या बाजूला नवे घडते. दात महिन्याला सुमारे एक मिलिमीटर सरकतो, म्हणून पूर्ण उपचाराला साधारण दीड ते दोन वर्षे लागतात. वाकडे दात म्हणजे किडलेले दात, ही समजूत खरी नाही. किडण्याचे मुख्य कारण साखर आणि साफसफाईतली हयगय हेच राहते, आणि तारा असताना घासणे कमी पडले तर कवचावर पांढरे डाग पडतात. तार लावण्याचे खरे वैद्यकीय कारण वेगळ्या ठिकाणी सापडते. वरचे दात खूप पुढे असले तर खेळताना पडून तुटण्याचा धोका वाढतो. वरची ओळ खालच्या ओळीच्या आत बसत असेल तर जबडा एका बाजूला सरकून वाढू शकतो. अंगठा चोखणे, तोंडाने श्वास घेणे, दुधाची दाढ वेळेआधी गमावणे यांमुळे मागून येणारे दात जागा चुकतात. म्हणून सातव्या वर्षाच्या सुमारास मुलाला एकदा दंतव्यंगोपचार तज्ज्ञाला दाखवावे, अशी अमेरिकेतल्या या तज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे. दाखवणे म्हणजे लगेच तार लावणे नव्हे. बहुतेक मुलांत वाट पाहिली जाते.

लेकराच्या देहात बदल करण्याचा अधिकार आईबापांना आहे का, हा प्रश्न भारतीय परंपरेला नवा नाही. सुश्रुत कान टोचण्याची दोन कारणे देतो, संरक्षण आणि शोभा, आणि दोन्ही निःसंकोचपणे. शोभा हे अधर्माचे कारण त्याला वाटत नाही. कान टोचणे क्षणाचे काम, आणि भोक बुजू दिले तर बुजते. दातांची तार दीड-दोन वर्षे मुलाच्या जेवणात, बोलण्यात, शाळेतल्या हसण्यात राहते, आणि कधी निरोगी उपदाढा काढायला लावते. नववींची अट येथे उपयोगी पडते, पण तिच्यात वयाची भर घालावी लागेल. आघात, चावण्यातली अडचण, जबड्याची वाढ यांचा प्रश्न असेल तर पालकांनी निर्णय घेणे हे मुलाला लस टोचून घेण्याइतकेच साहजिक आहे. केवळ ओळ सरळ दिसावी म्हणून करायचे असेल तर घाई नाही. असा उपचार पौगंडावस्थेत आणि प्रौढपणीही होतो, आणि तेव्हा मुलगा किंवा मुलगी स्वतः हो किंवा नाही म्हणू शकते. चिडवणे मात्र या दोन्हींच्या मधे येते. दुखणे म्हणून ते नोंदवले जात नाही, पण रब्बी इश्माएल यांनी ज्याची दखल घेतली तो अन्याय याच जातीचा होता.

तार निघाल्यावर दात जुन्या जागी परतू पाहतात, कारण हिरड्यांतले तंतू सावकाश जुळवून घेतात. त्यासाठी दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर द्यावा लागतो. तो आधी बहुतेक वेळ घालायचा असतो, मग रात्रीपुरता, आणि पुष्कळदा अनेक वर्षे. बाराव्या वर्षी पालकांनी सुरू केलेला उपचार विशीत टिकवायचा असतो तो ज्याचे दात आहेत त्यानेच. त्याला तो नको असला तर रिटेनर कपाटात पडून राहतो आणि दात पुन्हा सरकतात, म्हणून अनेक तज्ज्ञ तार लावण्यापूर्वी पालकांना बाजूला बसवून आधी मुलाशीच बोलतात.